मावशीचा शनिवारचा शंकातास

माझ्या मावशीला कोणाचा हेवा वाटत नाही. तिला काळजी वाटते. शेजारणीच्या कुंडीला सात फुलं आली आणि हिच्या कुंडीला पाचच, की हिला शेजारणीच्या कुंडीची काळजी: फार खत घालतात गं ते लोक, मुळं जळतील एक दिवस. माझ्या आईला कोणी म्हणालं की ताई, तुमचे केस अजून किती काळेभोर, की मावशीला लगेच आईच्या टाळूची काळजी वाटायला लागते. अशी काळजीवाहू बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही.

मावशी फ्रेंच शिकवते. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक इमारत आहे. तळाला झेरॉक्सचं दुकान, मग बावीस पायऱ्या, मग भाषावर्ग. तिची खोली दोन नंबरची. बारा बाकं, एक फळा आणि काठी लावल्याशिवाय उघडी न राहणारी एक खिडकी. सोमवार ते शुक्रवार ती पुस्तकाबरहुकूम शिकवते. ते काम संस्थेचं, उद्या दुसरं कोणी आलं तरी तेच पान उघडेल. पण शनिवारी चार ते पाच शंकातास असतो, आणि तो तिचा. अठरा वर्षांपूर्वी तिनेच मागून घेतलेला. पुस्तक मिटायचं आणि ज्याला जे अडलंय ते त्याने विचारायचं. त्या एका तासासाठी मावशी इस्त्रीची साडी नेसते.

शंका काय, त्याच त्याच. माणसं बदलतात, शंका बदलत नाहीत. आमच्या वर्गातल्या नर्सताई शेजारच्या खाटेवर पेशंट झोपला असावा अशा आवाजात विचारतात, बाई, टेबल स्त्रीलिंगी का असतं? बेकरीवाले दादा शंका विचारत नाहीत, तक्रार नोंदवतात. 'नाही' म्हणायला क्रियापदाच्या पुढे एक शब्द आणि मागे एक शब्द, म्हणजे एका नकाराने भागत नाही का यांचं? आणि कुलूपवाले आजोबा. पन्नास वर्षं लोकांची कुलपं उघडून दिली, आता नातवंडांशी त्यांच्या भाषेत बोलायचंय म्हणून येतात. त्यांना 'तू' कधी आणि 'तुम्ही' कधी हे पक्कं हवं असतं. चुकलो तर बाई, अपमान नक्की कोणाचा होतो, माझा की त्याचा?

मावशीची उत्तरं मात्र वर्षागणिक आटत गेली. हल्ली ती तीनच उरली होती. 'नियम आहे.' 'अपवाद आहे.' आणि 'पान एकशे बारा.' आजोबांनी एकदा एकशे बारा उघडून बघितलं, तर तिथे एकशे चाळीस बघा असं लिहिलेलं.

पूर्वी शनिवारी जादा खुर्च्या मागवाव्या लागत. मग बाकं पुरायला लागली. मग अकरा, मग सात, मग चार. चारातली एक मी, तिच्याकडेच राहून शिकणारी, आणि भाचीला कोणी धरत नाही. शेवटी संचालकसाहेब येऊन दारात खोकले. ते प्रत्येक वाक्याआधी खोकतात, म्हणजे कोणाला दचकायला होऊ नये. खोकून म्हणाले, शनिवारी दोन नंबर रिकामीच दिसते, बाई. खोकून म्हणाले, गिटारवाले खोली मागतायत. मग जरा मोठं खोकून म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः डोकावेन. आठ डोकी दिसली तर तास तुमचा.

मावशी हो म्हणाली. रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं. ते सांगायची कोणाची हिंमत झाली नाही, मावशीच्या नवऱ्याचीही नाही.

माणसं जातात कुठे, हे मला मंगळवारी कळलं. मावशीने सरावाचे कागद झेरॉक्स करायला खाली पाठवलं होतं. बघते तर काउंटरला आमचा अर्धा वर्ग टेकलेला. झेरॉक्सकाका आत, डोळ्यांवर जाड चष्मा, कानावर पेन्सिल, शर्टाच्या बाह्या काळ्या शाईच्या भुकटीने कायमच्या राखाडी. त्यांचं मशीन इतकं जुनं की तापायलाच दोन मिनिटं घेतं. त्या दोन मिनिटांत काका गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत नाहीत. ते त्याची शंका सोडवतात.

नर्सताईंना भूतकाळ छळत होता. दोन-दोन भूतकाळ, कुठला कधी वापरायचा? काकांनी कानावरची पेन्सिल काढली, जुन्या पाकिटाच्या मागे एक आडवी रेघ ओढली आणि रेघेवर एक टिंब काढलं. म्हणाले, "पाणी तापत होतं, तेवढ्यात बेल वाजली. तापत होतं ते रेघ, वाजली ते टिंब. रेघेला हा वापरा, टिंबाला हा." आणि पेन्सिलने नर्सताईंच्या वहीतली दोन रूपं दाखवली. तोवर मशीन तापलं. नर्सताई पेशंट उठेल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, इतकं सोपं होय हे?

मी शहाणी, वर जाऊन सगळं मावशीला सांगितलं.

"रेघ आणि टिंब?" मावशी म्हणाली. "हा व्याकरण शिकवतोय की तारायंत्र?" मग फळा पुसला, जो आधीच पुसलेला होता. मग म्हणाली, मला त्या माणसाची काळजीच वाटते, दिवसभर बोलून घसा बसेल बिचाऱ्याचा. मग दोन मिनिटांनी, माझ्याकडे न बघता, रेघ आडवी काढली की उभी?

त्या दिवसापासून तिने खाली कागद पाठवणं बंद केलं. सगळं फळ्यावर लिहायला लागली. हात खांद्यापासून दुखायला लागला, पण झेरॉक्स नको. उलट स्वतःच दिवसातून चार वेळा खाली जाऊ लागली. जिन्याखाली टपालपेट्या आहेत, तिथे उभी राहून आमच्या वर्गाची पेटी उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. इतकी पत्रं कोणाची येणार आहेत, देव जाणे. कान मात्र दुकानात. वर आली की दर वेळी नवीन निष्कर्ष. एकदा म्हणाली, हा नक्की कुठल्या दुसऱ्या क्लासला जातो. एकदा म्हणाली, याची बायको तिकडची असणार. काकांची बायको समोरच्या गल्लीत शिवणकाम करते आणि तिने मावशीचे दोन ब्लाउज शिवलेत, हे मावशीला माहीत होतं. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला ओवा आठवत नाही.

शेवटी तिने सापळा लावला. फ्रेंच शिकणाऱ्याला सगळ्यात उशिरा सुटणारी जी गाठ, ती तिने माझ्याकडे सोपवली. भूतकाळी क्रियापदाच्या शेपटाला कधी एखादं अक्षर जास्तीचं चिकटतं, कधी चिकटत नाही. कर्म तेच, कर्ता तोच, तरी असं का? जा, विचार त्यांना. आणि तोंडाकडे नीट बघ.

मी विचारलं. काकांचं तोंड होतं तसंच राहिलं. ते खाली वाकले, फडताळातून एक निळा खोका काढला, पत्ते पिसावेत तसे कागद चाळले आणि एक माझ्या हातात ठेवला. म्हणाले, मी सांगण्यापेक्षा हे वाच. ज्याने लिहिलंय त्याने फार जीव लावून लिहिलंय.

कागदाच्या वरच्या चार बोटांवर काळा पट्टा होता, त्याखाली मथळा होता की काय ते दिसत नव्हतं. खाली गोल गोल अक्षरात लिहिलेलं. मावशीने तो घरी नेला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि लाल पेन उघडलं. मी समोर बसून वाटाणे सोलत होते.

कागदावर असं होतं: 'क्रियापदाला मागून येणारं दिसत नाही. आधी जे समोरून गेलं तेवढंच त्याने पाहिलेलं असतं. "ताईने नेल्या माझ्या चपला" असं म्हणालात, तर क्रियापद आपलं बोलून मोकळं झालं, चपला मागाहून आल्या. त्या बाई की बुवा, एक की दोन, त्याला काय पत्ता! पण "ज्या चपला ताईने नेल्या" म्हणालात, की चपला त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. आता त्याला ओळख दाखवावीच लागते. आपल्या भाषेतलं क्रियापद चपला आधी येवोत की नंतर, दोन्हीकडे ओळख दाखवतं, म्हणून आपल्याला हे कळायला वेळ लागतो. तुमची चूक नाही.'

मावशीने पहिल्या ओळीपाशी लाल शाईत 'पाल्हाळ' लिहिलं. दुसऱ्या ओळीपाशी पेन टेकवलं आणि उचललं. शेवटच्या तीन शब्दांवर बराच वेळ थांबली. मग टोपण लावून म्हणाली, "कोण आहे ही बाई?"

मी म्हटलं, बाईच कशावरून? तर म्हणाली, पुरुष असं चुचकारत लिहीत नाहीत. मग तिने त्या बाईचं सगळं चरित्रच मांडलं. घरी गडीमाणसं असणार. वेळच वेळ. मुलंबाळं नसतील, असली तरी वसतिगृहात. एका चपलेवर अर्धं पान लिहायला कोणाला परवडतं? दोन दिवस ती बाई आमच्या घरात राहायला आल्यासारखी होती. मावशी भांडी घासतानाही मध्येच म्हणायची, तुमची चूक नाही म्हणे. अशाने पोरं डोक्यावर बसतील.

गुरुवारी आई आली. माझी आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. मावशीने तिच्यापुढे कागद टाकला आणि म्हणाली, ताई, बघ, लोकांना हल्ली असली उत्तरं लागतात. आईने चष्मा लावला, वाचला, आणि कागद टेबलावर आपटला.

"अगं ए, चपला मी परत दिल्या होत्या."

मावशीला काही कळेना. आई आपली तापलेलीच. तपकिरी चपला, पट्टा तुटलेला, तो मी शिवून आणला, तुझ्या दारात आणून ठेवल्या, आणि तू ते अख्ख्या वर्गाला वाटलंस?  मग आईने कागद पुन्हा उचलला आणि अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाली, हे तुझंच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. असंच गोल काढायचीस तेव्हा.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काकांच्या मशीनला पहिल्यापासून एक खोड आहे. कुठलंही काम असो, पहिली प्रत डोक्यावर काळा पट्टा घेऊनच बाहेर पडते. ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. काका ती टाकतही नाहीत. आणि सुरुवातीची काही वर्षं मावशी दर शनिवारच्या शंकांची उत्तरं घरी बसून सविस्तर लिहायची आणि सोमवारी त्यांच्याकडे झेरॉक्सला द्यायची. पुढे वेळ मिळेना, पुस्तक आलं, पान एकशे बारा आलं. उत्तरं बंद झाली. पण काळ्या पट्ट्याच्या प्रती खोक्यात राहिल्या, आणि काका त्या दुपारच्या रिकाम्या वेळात वाचत राहिले. म्हणजे बावीस पायऱ्या उतरून लोक ज्या उत्तरांसाठी जात होते, ती उत्तरं मावशीचीच होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

कोणालाही आनंद झाला असता. मावशीलाही झाला, चहा निवेपर्यंत. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, ही बरी होती. कोण, म्हणून आईने विचारलं. ही, असं म्हणून तिने कागदाकडे बोट दाखवलं. आणि माझ्या लक्षात आलं की आता तिला त्या बाईचा आधीपेक्षा जास्त राग आलाय. परक्या बाईच्या घरी गडीमाणसं होती म्हणून तरी मनाचं समाधान करता येत होतं. हिच्या घरी तर कोणी नव्हतं. माझा मावसभाऊ तेव्हा पाळण्यात होता. तरी हिने चपलेवर अर्धं पान लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तरातरा खाली उतरली, मागोमाग मी. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "माझे कागद मला परत द्या."

 काका म्हणाले, बाई, पहिली प्रत टाकून द्या असं तुम्हीच म्हणायचात. मावशी म्हणाली, मग टाकल्या का नाहीत?  काकांनी वाकून निळा खोका वर घेतला, झाकणावरची धूळ बाहीने पुसली आणि तिच्यापुढे सरकवला.

"घेऊन जा बाई. मला पाठ आहे."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला. टोमण्याला मावशीने टोमणा दिला असता, आमच्याकडे त्याचा तुटवडा नाही. पण हा माणूस सरळ खरं बोलला होता. खोका उचलून ती वर आली आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठ आहे म्हणे, असं त्यांच्या आवाजात म्हणून बघितलं तिने. जमलं नाही.

पुढच्या दिवसांत तिने खोका घरी नेऊन सगळे कागद वाचले. मग स्वतः नवीन लिहायला बसली. टेबल स्त्रीलिंगी का, यावर चार ओळी लिहिल्या, जुन्या कागदाशेजारी ठेवल्या, फाडल्या. काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या नवऱ्याने, अजाणतेपणी जुना कागद उचलून वाचला आणि वा, म्हणाले. त्या रात्री पुन्हा मीठ नव्हतं.

शेवटचा शनिवार आला. चार वाजता वर्गात मी, कुलूपवाले आजोबा आणि वर्ग चुकून आत आलेला एक मुलगा, जो सॉरी म्हणून गेला. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती. तिने फळ्यावर तारीख लिहिली. तारखेखाली रेघ मारली. पलीकडच्या खोलीत कोणीतरी गिटारच्या तारा जुळवत होतं, जरा जास्तच मोठ्याने. चार वाजून दहा मिनिटं झाली. आजोबांनी आपली 'तू' आणि 'तुम्ही'ची शंका तिला बरं वाटावं म्हणून पुन्हा विचारली, आणि मावशी त्यांना नियम आहे म्हणणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हे, बऱ्याच जणांची.

पुढे झेरॉक्सकाका. मागे नर्सताई, बेकरीवाले दादा, आणि काउंटरला टेकणारी बाकी मंडळी. काकांनी चपला दाराबाहेर काढाव्यात की नाही याचा विचार केला आणि नाही काढल्या. शेवटच्या बाकावर जाऊन गुडघे आवळून बसले. नर्सताई कुजबुजल्या, काकांनी दुकानच बंद केलं हो आज, म्हणाले मला वर काम आहे. म्हणून आम्हीही आलो.

मी मोजले. नऊ. मला धरून दहा, पण मला कोणी धरत नाही.

मावशीनेही मोजले. आणि ते कोणाच्या मागून आलेत तेही बघितलं. आठ डोकी हवी होती, आठाच्या वर एक मिळालं होतं, आणि तिचा चेहरा एखादी वस्तू उसनी आणावी लागल्यासारखा झाला होता. ती खडू हातात फिरवत म्हणाली, "बोला. तुम्हाला काय अडलं? तुम्हाला तर पाठ आहे."

काका उभे राहिले. कान लाल झालेले. म्हणाले, "बाई, मला वाचता येत नाही."

कोणाला काही समजेना. काकांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, आपल्या हाताने उतरवलेला, आणि आमच्याकडे न बघता मोठ्याने वाचायला लागले. "लेस चा-उ-सु-रेस क्यू मा सो-ए-उर आ प्रि-सेस." तेच वाक्य, ताईने नेलेल्या चपलांचं. प्रत्येक अक्षर त्यांनी मान देऊन उच्चारलं, एकालाही वगळलं नाही. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने अठरा वर्षं ही भाषा फक्त बघितली होती. कोणी बोललेली ऐकली नव्हती. दुकानात ते शब्द कधी म्हणायचेच नाहीत, पेन्सिलने दाखवायचे, आणि आम्हाला वाटायचं ती त्यांची पद्धत.

बेकरीवाले दादा फिसकन हसले.

मी मावशीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा ऊन पडलं होतं. सापळा लावून जे मिळालं नव्हतं ते आपल्या पायाने चालत वर आलं होतं, सगळ्या वर्गासमोर. तिने ओठ उघडले. एक शब्द पुरला असता. मला तो शब्द कुठल्या सुरात येणार तेही ऐकू यायला लागलं होतं.

ती बेकरीवाल्या दादांना म्हणाली, तुम्ही पहिल्या दिवशी नमस्कारसुद्धा असाच केला होता. मग काकांकडे वळून वाक्य म्हणाली. ले शोस्यूर क मा सर आ प्रीझ. हळू, एकदाच, पण असं की पलीकडची गिटारसुद्धा थांबल्यासारखी वाटली. पुस्तकातली वाक्यं ती अशी म्हणत नाही.

काका कागदावर शोधत राहिले. बाकीची अक्षरं कुठे गेली?

मावशी टेबलाच्या कडेवर टेकली, जे ती कधी करत नाही. म्हणाली, तुमच्या घरी सगळ्यांचा मिळून काढलेला एखादा मोठा फोटो असेल. त्यात आत्या असतात, चुलते असतात, त्यांचे जावई असतात. पण तुमच्याशी फोनवर बोलणारे कितीजण? तीन. म्हणून उरलेल्यांना कापून टाकाल का फोटोतून? शब्दाच्या शेवटची अक्षरं म्हणजे फोटोतली माणसं. लिहायची, बोलवायची नाहीत. आणि कधीकधी शेजारी एखादा स्वर येऊन उभा राहतो, तेव्हा त्यातलं एखादं अचानक तोंड उघडतं, लग्नात दूरचे मामा उघडतात तसं.

हे कुठल्याच काळ्या पट्ट्याच्या कागदात नव्हतं. मी सगळे वाचलेत. नर्सताई लिहून घेत होत्या, आजोबा लिहून घेत होते, बेकरीवाले दादा दुसऱ्याच्या वहीत बघून लिहून घेत होते.

काकांनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले. मग म्हणाले, "ले शोस्यूर क मा सर आ प्रीझ."

मावशीच्या हातातला खडू थांबला. त्यातला तो 'र', जो घशाच्या तळातून खरवडून येतो, तो आला होता. पहिल्याच फटक्यात. मावशीला तो यायला दोन वर्षं लागली होती. आई सांगते, न्हाणीघरात गुळण्या करून करून तिने असा सराव केला की शेजारचे येऊन विचारायचे, धाकटीची तब्येत बरी आहे ना?

"हा कुठून आणलात?" मावशीने विचारलं.

"मशीनमधून, बाई," काका म्हणाले. "कागद अडकला की ते अस्संच करतं. रोज ऐकतो."

दारात खोकला ऐकू आला. संचालकसाहेबांनी मान आत घातली, बोटाने हवेत टिचक्या देत डोकी मोजली, पुन्हा खोकून म्हणाले, तास तुमचा, बाई. मावशीने त्यांच्याकडे न बघताच हात हलवला, माशी हाकलावी तसा. ती बाकांच्या मधून चालत थेट शेवटच्या बाकापाशी गेली होती आणि काकांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

काका पुन्हा म्हणाले. आधीपेक्षाही चांगलं आलं.

"पुन्हा."